सॅलिसिलिक अम्ल : ज्वरावरील औषधापासून वनस्पतीच्या संप्रेरकापर्यंत

औषधी वनस्पतींच्या लागवडीविषयी अलीकडे जे संशोधन प्रसिद्ध होते, त्यातील बराचसा भाग एका ठराविक साच्यातला असतो. उन्हाळ्याच्या ताणाखालील पीक घ्यावयाचे, त्यावर एखाद्या संप्रेरकाचा विरल द्रव फवारावयाचा, आणि न फवारलेल्या पिकाशी तुलना करून उत्पन्न किती वाढले ते सांगावयाचे. अशा प्रयोगांत ज्या द्रव्यांचा वापर होतो, त्यांत सॅलिसिलिक अम्ल हे सर्वांत स्वस्त व सर्वांत सुलभ असल्यामुळे त्याचे नाव वारंवार आढळते. परंतु ह्या द्रव्याला संप्रेरक म्हणून मान्यता मिळाली ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. तत्पूर्वी सव्वादोनशे वर्षे ते माणसाच्या औषधपेटीत होते. ते वनस्पतीत का असते हा प्रश्न ह्या दीर्घ काळात फारसा कोणी विचारला नाही. तो का विचारला गेला नाही, पुढे कोणत्या आडवाटेने तो पुढे आला, आणि त्यामुळे आजच्या फवारणीच्या प्रयोगांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

वाळुंजाच्या जातीच्या झाडांचा, म्हणजे सॅलिक्स प्रजातीचा, ज्वरावर उपयोग होतो ही समजूत प्राचीन आहे. तिचे उल्लेख कोठकोठे सापडतात ह्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. निश्चित तारखेचा व निरीक्षणाची नोंद असलेला पुरावा सुरू होतो तो १७६३ पासून. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यातील चिपिंग नॉर्टन येथील धर्मोपदेशक एडवर्ड स्टोन ह्यांनी त्या वर्षी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना एक पत्र पाठविले. पांढऱ्या वाळुंजाची साल त्यांनी काही वर्षांपूर्वी सहज चाखून पाहिली होती. तिच्या विलक्षण कडवटपणामुळे त्यांना ‘पेरूची साल’, म्हणजे सिंकोना, आठवली. त्या काळी हिवतापावर सिंकोना हाच उपाय होता व तो महाग होता. स्टोन ह्यांनी सुमारे एक पौंड साल गोळा केली, पिशवीत घालून भटारखान्याच्या भट्टीच्या बाहेरील बाजूस तीन महिन्यांहून अधिक काळ वाळविली, तिचे चूर्ण केले आणि पाच वर्षांत सुमारे ५० रुग्णांना ते दिले. थोडे अपवाद वगळता गुण आला. जे ताप हट्टी होते त्यांत त्यांनी एकपंचमांश सिंकोना मिसळला.

स्टोन ह्यांच्या तर्काचा आणखी एक आधार होता. हिवताप पाणथळ जागी होतो व वाळुंजही पाणथळ जागीच वाढतो, तेव्हा रोग व उपाय ह्यांची वस्ती एकत्र असावी, असे त्यांना वाटे. हा तर्क आज टिकत नाही. शिवाय वाळुंजाच्या सालीने ताप उतरतो, पण हिवतापाचा जंतू मरत नाही, हेही त्यांना ठाऊक असण्याचा संभव नव्हता. मात्र मात्रा, कालावधी, रुग्णांची संख्या आणि अपयशाची प्रकरणे ह्यांची त्यांनी केलेली नोंद आजच्या कित्येक प्रबंधिकांपेक्षा प्रामाणिक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढील टप्पा रसायनशास्त्राचा आहे आणि तो सर्वपरिचित असल्यामुळे थोडक्यात सांगतो. १८२८ मध्ये म्यूनिक येथे योहान बुख्नर ह्यांनी सालीतून सॅलिसिन हे कडू द्रव्य वेगळे केले. १८३८ मध्ये इटालियन रसायनज्ञ राफाएले पिरिया ह्यांनी त्यापासून अम्ल मिळवून त्याचे नामकरण केले. १८६० च्या सुमारास हेर्मान कोल्बे ह्यांनी फिनॉलपासून ते अम्ल तयार करण्याची कृती शोधली, व १८७४ पासून ड्रेस्डेन येथील हाइडन ह्यांच्या कारखान्यात त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन ह्यांनी शुद्ध ॲसिटिल सॅलिसिलिक अम्ल बनविले आणि १८९९ मध्ये ते ‘ॲस्पिरिन’ ह्या नावाने बाजारात आले.

ह्या यशाचा एक परिणाम इतिहासकारांच्या नजरेतून बहुधा निसटतो. डांबरातील फिनॉलपासून अम्ल मिळू लागताच वाळुंजाची गरज उरली नाही. झाडाची गरज संपली तशी त्या द्रव्याविषयीची वनस्पतिशास्त्रीय जिज्ञासाही संपली. सॅलिसिन हे वनस्पतीच्या चयापचयातील एक टाकाऊ किंवा फार तर कीटकांना दूर ठेवणारे द्रव्य, ह्यापलीकडे त्याची विचारणा झाली नाही.

सिंकोनाच्या बाबतीत नेमके उलट घडले. १८२० मध्ये पेल्तिये व काव्हांतू ह्यांनी क्विनीन वेगळे केले खरे, पण ते कारखान्यात किफायतशीरपणे बनविता येईना. म्हणून झाडाची लागवड हाच मार्ग राहिला, आणि म्हणूनच औषधी पिकाच्या ‘उत्पन्ना’विषयीचे पहिले काटेकोर विचार सिंकोनाच्या मळ्यांत झाले. आपल्याकडे १८६० नंतर नीलगिरीवर ही लागवड सुरू झाली. महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथेही मुंबई सरकारने प्रयोग करून पाहिला, पण तो टिकला नाही. चार महिने कोसळणारा पाऊस व त्यानंतरचे दीर्घ कोरडे दिवस हे सह्याद्रीचे हवामान, आणि वर्षभर सम ओलावा ही सिंकोनाची गरज. ह्या दोहोंचा मेळ बसणे कठीणच होते. नीलगिरीवर मात्र उटकमंडचे अधीक्षक विल्यम मॅकआयव्हर ह्यांनी एक कौतुकास्पद गोष्ट शोधली. खोडावरील सालीच्या उभ्या पट्ट्या काढून घेऊन उघडा पडलेला भाग शेवाळाने झाकला, तर तेथे नवी साल येते, आणि पृथक्करणात ती जुन्या सालीपेक्षा अल्कलॉइडांनी समृद्ध आढळते. जखमेमुळे वनस्पतीची औषधी द्रव्ये वाढतात ह्या वस्तुस्थितीचा हा व्यवहारातील उपयोग, तिचे कारण कळण्यापूर्वी सव्वाशे वर्षे केलेला. त्याच मळ्यांत दुसराही धडा मिळाला. जोमाने वाढणारी तांबड्या सालीची जात क्विनीनच्या बाबतीत दरिद्री निघाली, आणि नाजूक, सावकाश वाढणाऱ्या जाती श्रीमंत निघाल्या. सालीचे वजन म्हणजे औषधाचे वजन नव्हे, हे मळेवाल्यांना तेव्हाच कळले होते.

आता वनस्पतींच्या संप्रेरकांकडे वळू. वनस्पतीच्या एका भागात तयार होऊन दुसऱ्या भागावर अत्यल्प प्रमाणात परिणाम करणारे द्रव्य ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूलिउस झाक्स ह्यांच्या लेखनात दिसते. ऑक्सिनाचे अस्तित्व १९२६ ते १९२८ ह्या काळात हॉलंडमध्ये वेंट ह्यांनी सिद्ध केले. त्याच १९२६ मध्ये कुरोसावा ह्यांनी फोर्मोसा बेटावर भाताच्या ‘वेड्या रोपां’चे कारण असलेल्या बुरशीच्या स्रावाचा शोध लावला. त्यातून पुढे जिबरेलिन हाती आले. १९५५ मध्ये कायनेटिन, नंतरच्या दशकात ॲब्सिसिक अम्ल, अशी ही मालिका वाढत गेली. जिबरेलिनाचा व्यवहारातील विजय महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाईतदार ‘जीए’ची बुडवणी जितक्या सहजतेने करतात तितक्या सहजतेने संप्रेरक वापरणारा शेतकरीवर्ग जगात फार ठिकाणी नसेल. परंतु द्राक्षाचा दाखला औषधी पिकाला लावताना सावध असले पाहिजे. द्राक्षात मणी मोठा झाला की काम झाले. औषधी मुळी मोठी झाली म्हणजे काम झाले, असे नाही.

सॅलिसिलिक अम्ल ह्या मालिकेत आले ते सर्वस्वी अनपेक्षित दिशेने, आणि ती दिशा उष्णतेचीच होती. सुरण, अळू इत्यादींच्या कुलातील काही वनस्पतींचा फुलोरा उमलताना स्वतःच तापतो. लामार्क ह्यांनी १७७८ मध्ये युरोपातील एका आरमविषयी ही नोंद केली होती. आपल्या सुरणाच्या फुलोऱ्यातही हा गुण आहे. उमललेल्या सुरणाची दुर्गंधी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ह्या उष्णतेचे प्रयोजन सांगावे लागणार नाही. उष्णतेमुळे गंधद्रव्ये हवेत पसरतात व सडक्या मांसावर येणारे कीटक परागणासाठी ओढले जातात. ह्याच कुलातील, भारतातही आढळणाऱ्या सॉरोमॅटम ह्या वनस्पतीवर ॲम्स्टरडॅम येथे काम करताना व्हान हेर्क ह्यांनी १९३७ मध्ये असे प्रतिपादन केले, की नरपुष्पांच्या कळ्यांत एक द्रव्य तयार होते, ते वर चढून कणिशाच्या टोकाशी जाते आणि तेथील श्वसन भडकविते. त्या द्रव्याला त्यांनी ‘कॅलोरिजेन’ म्हणजे उष्णताजनक असे नाव दिले. द्रव्य मात्र हाती लागले नाही.

त्यानंतर पन्नास वर्षे कॅलोरिजेन हे केवळ नावच राहिले. अखेर १९८७ मध्ये इल्या रास्किन, एहमन, मेलँडर आणि ह्या विषयात आयुष्य घालविलेले बास्तियान मेउसे ह्यांनी ते द्रव्य सॅलिसिलिक अम्ल असल्याचे ‘सायन्स’ नियतकालिकात जाहीर केले. १९८९ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी त्याचे मोजमापही दिले. उमलण्याच्या आदल्या दिवशी दुपारपासून कणिशाच्या टोकातील अम्लाचे प्रमाण चढू लागते, सायंकाळी ते दर ग्रॅम ताज्या वजनास १ मायक्रोग्रॅमपर्यंत जाते आणि उष्णता ओसरली की पूर्ववत् होते. त्या अम्लाशी रचनेने साम्य असलेली ३३ द्रव्ये तपासली, तेव्हा केवळ दोन द्रव्यांनी फुलोरा तापला, आणि त्यांपैकी एक होते ॲस्पिरिन. माणसाचा ताप उतरविणारी गोळी फुलाला ताप आणते, हा योगायोग रसायनशास्त्राच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

दुसरा धागा रोगप्रतिकाराचा. १९७९ मध्ये इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संशोधनकेंद्रात रेमंड व्हाइट ह्यांनी तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिनचा द्रव टोचला असता मोझेक विषाणूचे डाग कमी पडतात, असे दाखविले. हे निरीक्षण अकरा वर्षे जवळजवळ एकाकी राहिले. १९९० मध्ये तंबाखू व काकडी ह्यांवरील दोन स्वतंत्र अभ्यासांतून, रोगाचा हल्ला होताच वनस्पती स्वतःच सॅलिसिलिक अम्ल वाढविते, हे निष्पन्न झाले. १९९३ मध्ये ह्या अम्लाचा नाश करणारे जिवाणूचे जनुक तंबाखूत घालण्यात आले. त्या रोपांत प्रतिकारशक्तीच निर्माण होईना. तत्पूर्वी १९९२ मध्ये रास्किन ह्यांनी सॅलिसिलिक अम्लास संप्रेरक मानावे असा पक्ष मांडला होता. तो आता सर्वमान्य झाला. स्टोन ह्यांच्या पत्रानंतर २२९ वर्षांनी झाडाच्या औषधाला झाडाच्या घरात स्थान मिळाले.

बाहेरच्या उष्णतेपासून संरक्षण हा ह्यानंतरचा टप्पा. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सॉरोमॅटम स्वतः उष्णता उत्पन्न करते, आणि शेतातील पीक बाहेरची उष्णता सोसते. ह्या दोन भिन्न घटना आहेत. एकीवरून दुसरी सिद्ध होत नाही, आणि ज्या लेखांत ती तशी सुचविली जाते ते वाचताना विद्यार्थ्यांनी पेन्सिल हाती ठेवावी. सोसण्याविषयीचा मूलभूत पुरावा १९९८ चा आहे. डॅट, लोपेझ-डेल्गाडो, फॉयर व स्कॉट ह्यांनी मोहरीच्या रोपांवर १० ते ५०० मायक्रोमोलर सॅलिसिलिक अम्ल फवारले आणि नंतर ती ५५° से. तापमानात दीड तास ठेवली. फवारलेली रोपे लक्षणीय प्रमाणात अधिक तगली. मात्रा ह्याहून वाढविली तेव्हा मात्र संरक्षण मिळाले नाही. १०० मायक्रोमोलर मात्रेचा परिणाम काळाच्या दृष्टीने, रोपांना आधी तासभर ४५° ची सवय लावल्याने होणाऱ्या परिणामासारखाच होता.

ह्या प्रयोगातील खरे मर्म पुढे आहे. फवारणी असो की ४५° ची पूर्वतयारी असो, पाच मिनिटांच्या आत पानातील हायड्रोजन पेरॉक्साइड एकदम वाढून शिगेला पोहोचते. ते द्रव्य अपायकारक होय. मोठ्या उष्णतेत पेशींची हानी होते तीत त्याचा वाटा असतो. तथापि त्याची अल्पशी लाट आधी येऊन गेली, तर पेशीतील संरक्षक यंत्रणा जागी होते. देवी टोचण्याशी ह्याचे साम्य आहे. लहानशी बाधा मोठ्या बाधेपासून वाचविते. ह्यावरून मात्रेचे महत्त्व ध्यानात यावे. सॅलिसिलिक अम्ल हे खत नव्हे. ते वनस्पतीला दिलेली मोजकी धास्ती आहे, आणि धास्ती अति झाली तर तोच ताण होतो.

२००२ मध्ये लार्किंडेल व नाइट ह्यांनी ॲराबिडॉप्सिसमध्ये दाखविले, की उष्णतेपासूनच्या संरक्षणात कॅल्शियम, ॲब्सिसिक अम्ल, एथिलीन व सॅलिसिलिक अम्ल ह्या सर्वांचा भाग असतो. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात एन. ए. खान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गव्हावरील कामात, ४०° च्या ताणाखाली हे अम्ल दिले असता प्रोलीनचे प्रमाण वाढते, एथिलीनची निर्मिती आवरली जाते आणि प्रकाशसंश्लेषण सावरते, असे आढळले.

मग औषधी पिकांचे काय ? येथे सॅलिसिलिक अम्लाबरोबर जास्मॉनिक अम्लाचाही विचार करावा लागतो. मॅकआयव्हर ह्यांच्या शेवाळाचे रहस्य बऱ्याच अंशी त्याच्या कुळात दडलेले आहे, असा माझा समज आहे. मेथिल जास्मॉनेट १९६२ मध्ये जाईच्या सुगंधी तेलातून मिळाले व दीर्घकाळ ते अत्तराचा घटक म्हणूनच ओळखले गेले. म्हणजे वाळुंजाचीच कथा पुन्हा घडली. १९९२ मध्ये गुंडलाख, म्यूलर, कुचान व झेंक ह्यांनी ३६ वनस्पतींच्या पेशीसंवर्धनांवर त्याचा प्रयोग करून, जखमेच्या किंवा बुरशीच्या इशाऱ्यानंतर दुय्यम द्रव्यांची निर्मिती सुरू होते ती ह्या संप्रेरकामार्फत, असे दाखविले. पुढे कर्करोगावरील टॅक्सॉलच्या उत्पादनात त्याचा उपयोग झाला. हिवतापावरील आर्टेमिसिनिन देणाऱ्या आर्टेमिसिया ॲन्युआ ह्या वनस्पतीत सॅलिसिलिक अम्लाने त्या द्रव्याची निर्मिती वाढते, असे २००९ मध्ये चिनी संशोधकांनी प्रसिद्ध केले. परंतु ही दोन संप्रेरके नेहमी एका दिशेने ओढत नाहीत. १९९३ मध्ये टोमॅटोच्या पानांवरील प्रयोगांत ॲस्पिरिनने जास्मॉनिक अम्लाची निर्मितीच रोखलेली आढळली. तेव्हा दोन्ही द्रावणे एकत्र करून फवारली की दुप्पट लाभ होईल, ही अपेक्षा शरीरक्रियाशास्त्राला धरून नाही.

आणि मूळ प्रश्न शिल्लकच राहतो : उत्पन्न कशाचे ? अश्वगंधेचे उदाहरण घेऊ. नीमच-मंदसोर भागातील शेतकऱ्याला मुळीचे वजन हवे असते. व्यापारी लांबी-जाडीवरून मुळीची प्रत ठरवितो व जाड, गुळगुळीत, पिठूळ मुळीला अधिक भाव देतो. अर्क काढणाऱ्याला विथॅनोलाइडांचे शेकडा प्रमाण हवे असते. ही तीन उत्पन्ने आहेत आणि उष्णतेचा ताण त्यांना तीन दिशांना नेऊ शकतो. ताणाने वाढ खुंटते, पण संरक्षक द्रव्यांचे शेकडा प्रमाण पुष्कळदा चढते. समजा, हेक्टरी ५०० किलो मुळी आहे व तीत सक्रिय द्रव्य ०.३ टक्के आहे, तर एकूण द्रव्य दीड किलो झाले. ताणाने मुळी ३५० किलोवर आली व प्रमाण ०.४ टक्के झाले, तर एकूण द्रव्य १.४ किलो. आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. पण ह्या हिशेबातील ‘टक्के’ वाचणारा म्हणेल, उष्णतेने गुण वाढला. ‘वजन’ वाचणारा म्हणेल, पीक बुडाले. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतील, आणि हेक्टरी एकूण द्रव्याचा आकडा कोणीच दिलेला नसेल. फवारणीने ताण हलका केला तर मुळी वाढून टक्केवारी उतरणे हेही अगदी शक्य आहे. त्या वेळी फवारणी यशस्वी झाली की अयशस्वी ? सिंकोनाच्या मळ्यांत साल तोलण्याबरोबरच तिचे पृथक्करण करून घेण्याची पद्धत पडली होती. आजच्या काही प्रबंधांत रोपाची उंची, पानांची संख्या व हरितद्रव्य ह्यांची कोष्टके दहा असतात आणि औषधी द्रव्याचे एकही नसते. हे उणे सुधारण्यास महागड्या उपकरणांची नव्हे, तर प्रयोगाच्या आखणीची गरज आहे.

शेवटी २०२२ मधील एका शोधाचा उल्लेख आवश्यक वाटतो, कारण त्याने फवारणीच्या प्रश्नाची बाजूच पालटली. शेंग यांग ही ह्यांच्या प्रयोगशाळेतून ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या कामात असे दिसले, की ॲराबिडॉप्सिसचे रोप २३° ऐवजी २८° से. तापमानात वाढविले, तर रोगाचा हल्ला झाला असताही ते सॅलिसिलिक अम्ल बनवू शकत नाही. त्या मार्गावरील सीबीपी६०जी हे नियामक जनुक उष्णतेने मंदावते, आणि ते कृत्रिमरीत्या कार्यरत ठेवले तर उष्णतेतही अम्ल तयार होते व प्रतिकारशक्ती टिकते. म्हणजे उष्णता पिकाला केवळ भाजत नाही, तर ज्या संप्रेरकाने त्याने स्वतःचे रक्षण करावयाचे त्याचा पुरवठाच तोडते. २८° हे तापमान आपल्याकडे हिवाळ्यातील दुपारचे. शीत प्रदेशातील तणाची ही मर्यादा माळव्याच्या उन्हात वाढणाऱ्या अश्वगंधेला जशीच्या तशी लावता येणार नाही. म्हणून तिच्यावर अम्ल फवारण्यापूर्वी तिच्या पानांतील मूळचे अम्ल निरनिराळ्या तापमानांत मोजणे हे पहिले काम ठरते. ते कोणत्या अंशाला घटू लागते हे कळले, तर फवारणीची वेळ व मात्रा ठरविता येईल, आणि ते घटतच नसेल तर फवारणीचा खर्च शेतकऱ्यावर लादण्याचे प्रयोजन राहणार नाही.